पुठ्ठ्यावरची माती

त्यांचे खरे नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे. सगळे त्यांना गोठवणबाई म्हणत. एकवीस वर्षे त्या एकाच यंत्रापाशी उभ्या होत्या. औषध गोठवायचे, यंत्रातली हवा ओढून घ्यायची, बर्फ न वितळताच वाफ होऊन निघून गेला की उरलेली पांढरी भुकटी बाटल्यांत बंद करायची. काम हाताचे, भाव पूजेचा. यंत्राचे दार उघडण्याआधी बाई क्षणभर डोळे मिटत.

ती भुकटी म्हणजे अन्न पचवणारे प्रथिन. पाणी काढून घेतलेले प्रथिन म्हणजे आधार सुटलेले लेकरू! त्याची घडी उलगडते, रूप मोडते आणि रूपाबरोबर गुणही जातो. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमांनी आणि बाईंनी त्यात शुद्ध केलेली चिकणमाती मिसळायला घेतली होती. मातीचे नजरेला न दिसणारे पातळ पदर, आणि त्या पदरांआड ते नाजूक प्रथिन. आईने उन्हातून लेकराला न्यावे, तसे.

दवाखान्याच्या परवानगीने हे औषध पाच मुलांना जायचे होते. त्यांतली एक बाईंची भाची, धाकट्या बहिणीची सात वर्षांची पोर. तिच्या अंगी अन्न लागत नसे. घरी विजेचा भरवसा नव्हता. मागच्या खेपेचे बिनमातीचे औषध वाटेतच उबून निकामी झाले होते, आणि पोरीच्या बरगड्या फ्रॉकवरून दिसू लागल्या होत्या.

सोमवारी सकाळी बाईंनी फ्रीज उघडला. खालचा कप्पा रिकामा!

"काका, इथल्या बाटल्या कुठायत?"

सफाईवाले काका झाडू टेकून उभे राहिले. "त्या होय? शनिवारीच टाकायला काढल्या. मॅडम म्हणाल्या होत्या, खराब झालेलं सगळं बाहेर काढा."

"त्या खराब आहेत हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की! खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, माती. म्हटलं, बाई एवढ्या राबल्या आणि शेवटी माती झाली. मलाच वाईट वाटलं हो."

जो शब्द बाईंनी आधार म्हणून लिहिला, तो काकांनी नाश म्हणून वाचला होता. दोघांचेही वाचन खरे, आणि मध्ये एका लेकराचा घास.

त्या धावल्या. टाकाऊ मालाचा क्रेट बॉयलरला खेटून ठेवलेला होता. बाटल्या सगळ्या शाबूत होत्या. पण हाताला लागल्या त्या तापाने फणफणलेल्या कपाळासारख्या.

क्रेट आत आल्यावर मॅडमांनी एक बाटली उजेडात धरली. "एक दिवसाची ऊब ही सोसते, हे आपण पाहिलंय. दोन दिवसांचं मला माहीत नाही. औषध नेणारी गाडी दुपारी एकला निघेल. तीन फोडून बघा. एक जरी मेलेली निघाली, तर यातलं काही जाणार नाही."

परीक्षा साधी होती. भुकटी पाण्यात विरघळवून पातळ दुधात घालायची. प्रथिन जिवंत असेल तर दूध निवळते. मेलेले असेल तर दूध दूधच राहते. बाईंनी तीन नळ्या उभ्या केल्या. त्यांचे ओठ हलत होते. नाम घेत होत्या की मिनिटे मोजत होत्या, कोण सांगणार?

पहिली निवळली. दुसरी निवळली. तिसरी तशीच पांढरी.

"बाई, शाळेत गेलो हीच माझी चूक," काका दारातून म्हणाले. "वाचताच आलं नसतं तर..."

"काका, आता बोलू नका."

बाईंना त्या पांढऱ्या नळीत भाचीच्या बरगड्या दिसू लागल्या. मग नळीच्या काठाशी एक फिकट रेघ उमटली. रेघ खाली पसरली. नळीपलीकडचे दारातले काका अंधुक दिसले, मग स्पष्ट. मॅडमांनी क्रेट गाडीकडे नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. "ताई, पेटी मिळाली. पण बर्फाचं पार पाणी झालंय गं. बाटल्या कोमटच लागतायत. पोरीला देऊ का? मला भीती वाटते."

भीती बाईंनाही वाटत होती. तीन बाटल्या पाहिल्या होत्या. बाकीच्यांच्या आत कोण डोकावले होते? त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"दे," त्या म्हणाल्या. "आत माती आहे."