कॉटखालची भांडी

चिमणाबाईच्या कॉटखाली शेजाऱ्यांची भांडी साठत चालली होती. आक्काताईची काठाची पितळी, कोपऱ्यावरच्या गुंडू शिंप्याच्या घरचा डबा, नर्स दीक्षाच्या आईची झाकणाची वाटी, आणि कुणाचं ते आठवेनासं झालेलं एक जर्मनचं डेचकं. पुतणी सुवार्ता ती घासून, पुसून, पालथी घालून ठेवायची. परत मात्र एकही जात नव्हतं.

शेजारणीचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, हा कसबा बावड्यातल्या त्या गल्लीचा रिवाज. बाकीच्या बायका तो सवयीनं पाळायच्या, कधी विसरायच्याही. चिमणाबाई मात्र विसरली असं कधी झालं नाही. घरात काही केलेलं नसलं तर परसातलं लिंबू, नाहीतर कढीपत्त्याची डहाळी, आणि तेही नसलं तर वाटीच्या तळाला साखरेची चिमूट.

"हिच्याकडं ताक धाडलं तर लोणचं येतंय, आन् लोणच्याच्या वाटीतनं काय धाडलं तर लाडू येतोय," आक्काताई सगळ्यांदेखत म्हणायची. "हिच्याबरोबर देणंघेणं केलं की आपलीच जिरतीया." आणि दुसऱ्या दिवशी दोन घरं ओलांडून, म्हशीच्या धारा काढलेल्या हातानं, पुन्हा पितळीभर काहीतरी घेऊन हजर व्हायची.

सत्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर चिमणाबाईची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू थोडा परतला. बोलणं जडावलं, तरी कळायचं. हात तेवढा आला नाही. बोटं आत वळून मूठ मिटली ती मिटलीच. मांडीवर कुणीतरी आणून निजवलेल्या परक्या लेकरासारखा तो हात पडून असायचा, आणि ती त्याच्याकडं बघत बसायची. असा झटका पुन्हा येऊ शकतो, असं डॉक्टरांनी सुवार्तेला बाजूला घेऊन सांगितलं होतं. चिमणाबाईला ते न सांगताच समजलं. उभा जन्म मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून काढलेल्या बाईला, डॉक्टर कुणाला बाजूला घेतात आणि का, ते काय सांगायचं?

शेजार मात्र थांबला नाही. कुणी आंबील आणून दिली, कुणी मऊ भात, कुणी मुगाचं कढण. सुवार्ता चमच्यानं भरवायची आणि भांडं घासून विचारायची, "काकी, देऊन येऊ?"

"राहू दे. हात आला की काहीतरी करून धाडू."

"मी करते ना काहीतरी. शिरा करते."

"तुझा शिरा तुझा झाला. खाल्लं मी, फेडायचं मीच."

दिवसांना आता कडा उरल्या नव्हत्या. कौलातल्या काचेतून उतरलेला उन्हाचा चौकोन सकाळी भिंतीवर असायचा, मग तो सरकत सरकत तिच्या गोधडीवर चढायचा, आणि कारखान्याचा भोंगा झाला की पायाशी विरून जायचा. उसाचं गळीत सुरू झालं होतं. उकळत्या रसाचा गोडसर, जडसर वास खिडकीतून येऊन डोळ्यांच्या पापण्यांवर बसायचा. त्या वासात चिमणाबाई कधी जागी असे, कधी नसे. कधी ती नेसरीच्या शिवारात असायची, परकर गुडघ्यापर्यंत ओला. चुलतीचं, बयाबाईचं घर. आईबाप गेल्यावर हिला तिथं ठेवलेलं. ताट पुढ्यात यायचं आणि त्याच्या मागोमाग ते वाक्य यायचं, "फुकटचं गिळतीया." बयाबाई ते रागानं म्हणायची असंही नाही. मीठ लागतंय का विचारावं, तितक्या सहज म्हणायची. त्या घरात चिमणी कुणी न सांगता शेण काढायला शिकली, पाणी भरायला शिकली, आणि घास गिळायच्या आधी आज आपण काय काय केलं ते मनात घोळवायला शिकली.

पुढं मिशनच्या बोर्डिंगात तिला कुणी तसं म्हटलं नाही. तिथं जेवण मिळालं, कपडे मिळाले, अक्षरं मिळाली, देव मिळाला. पण वाक्य तिच्याबरोबरच आलं होतं. म्हणून तर दवाखान्यात ती कधी बसलेली दिसली नाही. बाळंतिणींच्या वॉर्डात नव्या बाळांना अंघोळ घालायचं काम तिचं. बाळाची मूठ हलक्या हातानं, एकेक बोट सोडवून उघडायची, आत कापसासारखा मळ असतो तो ओल्या बोळ्यानं पुसायची, आणि दर बाळाला तोच प्रश्न, "बघू बघू, काय आणलंय पावण्यानं?" मूठ अर्थातच रिकामी. "रिकामाच आलाईस व्हय रे!" म्हणत ती हसायची आणि बाळाला पंच्यात गुंडाळायची. कण्हणाऱ्या बाळंतिणीसुद्धा तेवढ्यापुरत्या हसायच्या.

चर्चमधलं कामही तिचंच होतं. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी काळे मनुके भिजत घालायचे, उकळायचे, दुहेरी फडक्यातून गाळून द्राक्षरस तयार करायचा. भाकर ठेवायचं ताट चिंचेनं घासून लखलखीत करायचं. केएमटीच्या बसमधून ते सगळं मांडीवर धरून ती शहरातल्या चर्चला जायची आणि नवरा आकाराम होता तोवर तो शेजारी बसून म्हणायचा, "माझ्यापेक्षा त्या बाटलीला जास्त जपतीस."

झटका आल्यापासून मात्र तिनं प्रभुभोजन घेतलं नव्हतं. शांतवन पाळक घरी घेऊन आले होते, दोनदा. तरुण माणूस, लुनावर यायचे, डोक्याला मफलर. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. "हात बरा झाला की चर्चमध्ये येऊन घेतो मी."

तिसऱ्यांदा ते नुसतेच आले, बोलायला. नाताळ जवळ आला होता.

"मावशी, हात बरा व्हायची वाट कशाला बघायची?" ते म्हणाले. "प्रभूचं मेज कामाच्या बदल्यात नसतंय. तारण कृपेनं. आपल्या कर्मांनी नव्हे. हे तुम्हीच आम्हाला संडे स्कूलला पाठ करून घेतलंय."

"पाठ हाय की."

"मग? ते दान आहे. फुकट."

चिमणाबाईचा डावा हात गोधडीवर ताठ झाला. "फुकट म्हणू नका साहेब."

सुवार्तेनं चहा आणून ठेवला.

"शास्त्रात हेबी हाय," चिमणाबाई जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली, "कामं नसली तर विश्वास मेलेला."

"आहे. खरं आहे. पण कामं म्हणजे फळं, मावशी. झाड जिवंत आहे म्हणून येतात ती. फळं देऊन झाड जगणं विकत घेत नाही."

"आन् फळं यायची बंद झाली तर?"

पाळकांनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. "मलाही हे रोज जमतं असं नाही," ते शेवटी म्हणाले. "प्रवचन रंगलं की वाटतं, आज देव खूश. फसलं की दिवसभर तोंड लपवावंसं वाटतं. सांगतो लोकांना कृपा, आणि स्वतः मार्क मोजत बसतो."

चिमणाबाईला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून हात पुढं झाला नाही. ते निघताना ती म्हणाली, "त्यानं मला भरून दिलं साहेब. ताट भरून दिलं. रिकाम्या हातानं त्याच्या दारात कशी जाऊ?"

मनुक्यांचं काम या वेळी सुवार्तेकडं आलं होतं. ते फडकं दुहेरी घे, एवढं मात्र काकीनं तिला दहादा बजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हाचा चौकोन गोधडीवर चढलेला असताना, चिमणाबाई चालायला लागली. दोन्ही पाय धड होते. दवाखान्याचा लांब व्हरांडा होता, पण फरशीच्या जागी नदीचं पाणी, घोट्याएवढं, कोमट. डोक्यावर पाटी, पाटीत गल्लीतली सगळी भांडी, आणि ती एकमेकांवर आपटून बारीक किणकिणत होती. ती चालत होती आणि वाटेत लिंबाचं झाड शोधत होती. कढीपत्ता शोधत होती. नेसरीचं शिवार दोन्ही बाजूंनी सरकत गेलं, हिरवं, पण हात घातला की धुकं. व्हरांडा संपला तिथं एक पाट, पाटावर कुणीतरी बाह्या सारून बसलेलं, पुढ्यात वाफाळतं पाणी. चेहरा दिसेना. वाफ फार होती. पाटी कधी खाली उतरली ते कळलं नाही. त्या माणसानं तिची उजवी मूठ हातात घेतली, आणि एकेक बोट सोडवायला लागला. तिला ओरडून सांगायचं होतं, थांबा, मी काहीतरी आणतोय. पण जीभ हलेना.

"बघू बघू," वाफेपलीकडून आवाज आला, "रिकामीच आलीस व्हय?"

"झोपलीस व्हय गं चिमे?" हा आवाज आक्काताईचा होता, आणि तो दारातून येत होता.

चिमणाबाईनं डोळे उघडले. आक्काताई पदर खोचून उभी, कपाळावर घाम.

"उद्या आमच्या सुनंचं, संयोगिताचं डोहाळजेवण हाय. सकाळधरनं भांडी गोळा करतोय मी. माझी पितळी कुठं हाय?"

सुवार्ता बालवाडीतल्या कामावरून यायची होती. चिमणाबाईची नजर कॉटखाली गेली. आक्काताई वाकली आणि तिनं कॉटखाली बघितलं.

"आयला," ती म्हणाली. "भांड्याचं दुकान घातलंस की काय? हे गुंडूचं नव्हं? त्याची बायकू डबा हरवला म्हणून पोरांस्नी बडवायलीया." एकेक भांडं ओढून तिनं जमिनीवर मांडलं. सगळी स्वच्छ, सगळी पालथी. मग ती तिथंच बसली, आणि तिचा आवाज जरा उतरला. "का धाडली न्हाईस गं?"

"रिकामी कशी धाडू?"

आक्काताईनं हातातला डबा खाली ठेवला. हसू आलं नाही तिला. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "मग भरू कशात मी? आं? धा दिस झालं, शेजारच्या पातेल्यातनं तुला आणतोय. भांडं अडकवून ठेवलंस तर घालायचं कशात, तुझ्या डोस्क्यात?"

"तसं न्हवं..."

"तसंच हाय. लाडू खायला येत न्हवतो मी तुझ्याकडं. म्हणंल ही, आक्काताई लाडवासाठी ताक घालतीया." तिनं नाक ओढलं. "तू देतीस म्हणून आणत न्हाय मी. मला आणावं वाटतंय म्हणून आणतोय. दे ती पितळी."

पितळी अगदी कॉटच्या कडेशी होती. आक्काताईनं हात लांबवला तरी मिळाली असती. पण ती हात पुढं करून बसून राहिली, हट्टानं.

चिमणाबाईनं डावा हात खाली सोडला. बोटांना पितळीचा काठ लागला. थंड, गुळगुळीत, आत काही नसलेला. इतकं हलकं भांडं तिनं जन्मात कुणाला दिलं नव्हतं. कुठंतरी बयाबाईचं वाक्य घशाशी आलं, आणि ती थांबली. कौलातली काच, खाली मांडलेली भांडी, आक्काताईचा शेणामातीचा, पसरलेला तळवा. बाळांच्या मुठी आठवल्या. ती त्यांना तेच विचारायची, अगदी त्याच शब्दांत. कुठल्या बाळाला तिनं ते रागानं विचारलं होतं? कुणाच्या रिकाम्या मुठीवर तिनं तोंड फिरवलं होतं? हसायचीच की ती. पंच्यात घ्यायची.

"डाव्या हातानं देतोय," ती म्हणाली.

"दे की."

पितळी हवेतून एका हातातून दुसऱ्या हातात गेली. आक्काताईनं ती काखेत मारली, आणि बाकीची भांडीही पदरात गोळा केली. "ज्याची त्याला देतो. आन् उद्या गोड खायला तोंड उघडं ठेव," असं म्हणत गेली. तिच्या किणकिणाटानं गल्ली दूरपर्यंत भरून राहिली.

कॉटखाली आता नुसती फरशी होती. चिमणाबाईला किती तरी वेळ रडू येत होतं आणि ते कशाचं, ते तिनं शोधलं नाही.

पाळक दुसऱ्या दिवशी सकाळी आले, काकीनं सांगितलं म्हणून सुवार्तेनं निरोप धाडला होता. चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती, केस विंचरलेले. शांतवन पाळकांनी रुमालावर ताट मांडलं, भाकर मोडली, प्रार्थना केली. मग ते घुटमळले. तोंडात द्यावी की डाव्या हातात, ते त्यांना कळेना.

चिमणाबाईनं डाव्या हातानं उजवा हात मनगटापाशी धरला, उचलला आणि मांडीवर उताणा ठेवला. मूठ मिटलेलीच होती.

"उघडाय लागंल," ती म्हणाली.

पाळक गुडघ्यांवर बसले. अंगठा सोडवला, मग पहिलं बोट, मग दुसरं. बोटं ताठ होती, परत मिटू बघत होती. त्यांनी घाई केली नाही. तळव्याच्या मध्यात भाकरीचा तुकडा ठेवला, आणि तिनं डाव्या हाताच्या आधारानं तो सगळा हातच तोंडाशी नेला. सुवार्तेनं प्याली ओठांना लावली.

चिमणाबाईनं डोळे मिटून घोट घेतला. जिभेवर काहीतरी खरखरलं.

"फडकं एकेरीच घेतलंस व्हय गं," ती म्हणाली.

सुवार्ता ओशाळली, पाळक खाली बघून हसले. चिमणाबाईनं तो गाळ थुंकला नाही. तो तसाच, गोड, जिभेवर घोळवत राहिली. उन्हाचा चौकोन भिंतीवरून गोधडीकडं सरकत होता. दोन घरं पलीकडं बायकांचा गलका चालला होता, आणि त्यातून आक्काताईचा आवाज, "ए, ती पितळी बाजूला ठेव. ती चिमाची हाय."