सुशीलामावशीला घरी आणताना

माघातल्या कोवळ्या उन्हात जुन्या दगडांना येणारा दमट, शेवाळी गंध त्या मनोरुग्णालयाच्या आवारात भरून राहिला होता. एके काळी हे वेड्यांचं इस्पितळ होतं. माणसांना इथे भिंतीतल्या कड्यांना साखळीने बांधत. पुढे साखळ्या गेल्या, नाव बदललं, अंधाऱ्या कोठड्या पाडून उजेडाचे कक्ष उभे राहिले, आवाराची उंच भिंतसुद्धा कमरेएवढी उतरवली गेली. डॉक्टरीणबाई हे सांगत होत्या, आणि त्या भिंतीपाशी माझी सुशीलामावशी पिशवी घेऊन तयार उभी होती. "या केव्हाच बऱ्या झाल्यात. न्यायलाच कुणी येत नव्हतं," बाई म्हणाल्या.

तिला घेऊन मी थेट लोधिवली गाठली, तिच्या सख्ख्या भावाकडे. शेताच्या बांधावर पोपटी लागली होती. मडक्यातल्या वालाच्या शेंगांचा नि भांबुर्ड्याच्या पाल्याचा उग्र सुवास संध्याकाळभर पसरला होता. मावशी गाडीतच बसून होती. मामा तिकडे पाहीना.

"बरी झाली म्हंजे? येड कधी जातंय व्हय गं? नातीचं लगीन ठरतंय."

"मामा, डॉक्टर स्वतः सांगतात."

"डाक्टरला नाय पोरगी उजवायची!"

संताप संताप झाला. इतक्या पिढ्या खपून, हट्टी कारभाऱ्यांशी झगडून कुणी कुणी त्या साखळ्या तोडल्या असतील. आणि इथे एक भाऊ बहिणीला पाणीसुद्धा विचारत नव्हता!

मी तिला कर्जतला माझ्या घरी आणलं. "विळी वर ठेवत जा हो," शेजारीण कुजबुजली, तेव्हा मी दाणकन दार लावलं. पण खरं सांगायचं, तर मावशीवरही मी वैतागे. अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी ती दर वेळी विचारी, "जाऊ का गं बाहेर?" "अगं, जा ना! विचारतेस काय?" असं मी ओरडले की ती आणखीच दाराशी थिजून उभी राही.

होळी उलटल्यावर एका सकाळी मामा आला. उंबऱ्याबाहेरच घुटमळला, मला म्हणाला, "म्हटलं, बघून जावं." मावशी आतून आली. त्याचं पिकलेलं डोकं, वाळलेले हात ती कितीतरी वेळ न्याहाळत राहिली. मग अगदी हळू आवाजात, काळजीने तिने विचारलं, "तू बरा हायस ना रं आता?"

मामा मागे फिरला नाही. दारापुढच्या ओट्याच्या कडेला, तिच्यापासून हातभर अंतरावर, बसून राहिला.