न पिंजलेली गादी

माझ्या लग्नात तीन भाषणं झाली आणि त्यातल्या दोन वक्त्यांनी माझ्या गादीचा उल्लेख केला. माझा कोणी केला नाही.

आमच्या समाजात लग्न साधं. पांढरी साडी, वंदना, हार, आणि मग भाषणं. भाषणं मात्र साधी नसतात. धनजला आमच्या घरासमोर मांडव घातला होता. मांडवाच्या कोपऱ्यात बाजेवर आंदणाची भांडी मांडली होती आणि त्यांच्या मागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खोळीतली ती गादी, गुंडाळून उभी करून ठेवलेली. एका वक्त्याने तिच्याकडे हात करून सांगितलं की काल आपली माणसं जमिनीवर होती, आज आपली लेक गादीवर जात आहे, याला समाजाची प्रगती म्हणतात. टाळ्या पडल्या. आईने पदर तोंडाला लावला. मांडवातल्या बायका एकेक करून उठल्या, गादीवर बुक्की मारून आल्या आणि गच्च भरली आहे म्हणाल्या.

गच्च होती हे खरं आहे. इतकी गच्च, की पुढची तीन वर्षं समाजाची प्रगती माझ्या नवऱ्याच्या कंबरेत रुतत राहिली.

गादी आईने स्वतःच्या हाताने भरली होती. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून घर तिच्यावरच. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर पीक जरा बरं येऊ लागलं, तशी ती वेचणीची मजुरी पैशांत घ्यायचं सोडून कापसात घेऊ लागली. लेकीच्या लग्नात गादी द्यायची, हे तिच्या डोक्यात कुठून शिरलं कोण जाणे. आमच्या वस्तीत तोवर एकाही घरात गादी नव्हती. आम्ही सगळे जुन्या लुगड्यांच्या वाकळीवर झोपायचो आणि मुडद्यासारखे झोपायचो. दोन हंगाम आईने कापूस साठवला, संध्याकाळी दिवा लागेपर्यंत बसून एकेक बोंड सोडवलं, जमेल तेवढी सरकी बोटांनी वेगळी केली, खोळ शिवली आणि त्यात कापूस कोंबला. मदतीला मी होतेच. कोंबताना मी आत पाय घालून तुडवलाही होता, हे इथे कबूल केलेलं बरं.

माझा नवरा वाशीमला एका सरकारी कचेरीत कारकून होता. भाड्याच्या दोन खोल्या, मागे अंगण, आणि घरात माझी सासू. नवऱ्याने लग्नाआधी कुणाकडून तरी जुना लोखंडी पलंग मिळवून ठेवला होता, त्यावर गादी पडली. सासूने पहिल्याच दिवशी गादीवर बसून पाहिलं, उठली, आणि आपल्या बाजेवर जाऊन बसली. नंतर शेजारणीला तिने सांगितलं की सुनेच्या मायने गिट्टी भरून धाडली आहे. भिंत पातळ होती, मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच बोलली होती.

गंमत अशी की पहिले सहा महिने आम्हा दोघांना गादीत काही खोट आहे हे कळलंच नाही. त्याने तरी आधी गादी कुठे पाहिली होती? गादी अशीच असते, असं आम्ही धरून चाललो. श्रीमंत माणसं रोजची रात्र यावर कशी काढतात याचं मला कौतुक वाटायचं, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या का असतात तेही समजल्यासारखं वाटायचं. गादीत उंचवटे होते, खड्डे होते, आणि मधोमध एक आडवा बांध होता. बांधाच्या अलीकडे मी, पलीकडे तो. नव्या लग्नात बांध ओलांडायला माणूस तयार असतो, पण ओलांडल्यावर पाठ दोन दिवस बोलते.

मग नवरा कचेरीच्या कामाने अकोल्याला गेला आणि तिथे साहेबाबरोबर विश्रामगृहात एक रात्र खऱ्या गादीवर झोपून आला. त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता गेली. आल्या आल्या त्याने पिशवी ठेवली, पलंगावर पालथा हात दाबत फिरवला आणि जाहीर केलं की ही गादी नव्हे. मी विचारलं, मग काय आहे? तो म्हणाला, ते माहीत नाही, पण गादी नव्हे.

दुसऱ्याच आठवड्यात तो कचेरीत गेलेला असताना गल्लीत पिंजाऱ्याच्या धनुकलीची तार वाजली. नवऱ्याने त्याला निरोप दिला होता. पांढरी दाढी, खांद्यावर भलीमोठी कमान, कमानीला आतड्याची तार. सासू नेमकी नळावर गेली होती. पिंजाऱ्याने खोळीवर नुसती बोटं दाबली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं वैद्य रोग्याच्या बायकोकडे पाहतो.

"बाई, ये तो धुनीच नहीं, पिंजीच नहीं," तो म्हणाला. "कापूस वैसाच ठूंस दिया किसीने. अंदर सरकी भी है."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो मला अजिबात नको होता. आई कापसातली बाई. कुठल्या वेचणीचा कापूस कसा, ते तिला डोळे मिटून सांगता यायचं. पण तिने पिंजारी पाहिला तो शेतमालकाच्या वाड्यात, जुन्या दबलेल्या गाद्या पिंजताना. जुना कापूस पिंजतात, हा तर नवा, शेतातून आलेला, फुलासारखा. याला कशाला बडवायचं? असं तिने धरलं. मी पण धरलं. ज्यांनी आयुष्यभर कापूस वेचला आणि कधी त्यावर पाठ टेकली नाही, ती माणसंच अशी चूक करू शकतात.

पिंजारी खोळ उसवायला बसणार, तेवढ्यात मी त्याला उठवलं. चहा पाजला आणि मागच्या दाराने घालवला. कारण सरळ होतं. गादी अंगणात उसवली की सासू बाज ओढून समोर बसणार. आतून ढेकळं निघणार, सरक्या निघणार, आणि माझ्या आईला गादी कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, ही बातमी पहिल्या गाडीने आमच्या कारंजा तालुक्यात, धनजला पोचणार. ज्या गादीवर भाषणं झाली, जिच्यापायी आई वस्तीत मान वर करून चालत होती, त्या गादीचं हसं होणार. मी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. गादी उसवायची नाही.

नवऱ्याला मी सांगितलं की पिंजाऱ्याने गादी उत्तम आहे म्हणून सांगितलं. तो बिचारा म्हणाला, मग माझी पाठच वाईट असेल. दोन महिने त्याने पाठीला तेल चोळून घेतलं. चोळत मीच होते, त्यामुळे पापाची थोडी फेड तिथल्या तिथे झाली.

तेल संपलं तेव्हा त्याने दुसरा मार्ग काढला. त्याच्या कचेरीतल्या एका बाबूने फोमची गादी आणली होती. नवरा ती पाहून आला, दाबून आला, आणि घरी येऊन हाताने करून दाखवू लागला की अशी खाली जाते आणि अशी वर येते. ही जुनी काढून टाकू, तशी आणू, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या आईने दिलेली वस्तू घराबाहेर गेली तर मागोमाग मीही जाईन. असलं वाक्य बोलायला फार सोपं असतं, पण एकदा बोललं की त्यावर झोपावं लागतं.

म्हणजे उसवू द्यायची नाही आणि टाकूही द्यायची नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी मधले उपाय केले. गादी उलटी केली; बांध खालून टोचू लागला. उन्हात घातली, ढेकळं वाळून आणखी टणक झाली. काठीने बडवली, सासूने विचारलं की कोणाचा राग काढून राह्यली वं. शेवटी वरून माहेरची वाकळ चौपदरी अंथरली, तेव्हा कुठे जरा झोप लागू लागली. सासू म्हणाली, वाकळीवर झोपायचं तर मधे गादी कशाला? तिचं बोलणं खरं असायचं तेव्हा ती मला जास्तच नावडायची.

असा दोन वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालला. मग आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि ती दवाखान्यात दाखवायला वाशीमला आली.

जेवणं झाली. सासूने मोठ्या मानाने आईला पलंगाकडे नेलं आणि म्हणाली की तुम्हीच दिलेली गादी आहे, आज तुम्हीच पडा. तिच्या मनात काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. मी वाकळ घालायला धावले, तर आईनेच नको म्हटलं. गादी असताना वाकळ कशाला? ती पडली. तिच्या आयुष्यातली ती पहिली गादी. मी दारात उभी राहिले. सासू उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडायला घेऊन बसली, आणि त्यात एकही खडा नव्हता.

आई एका कुशीवर झाली. मग दुसऱ्या कुशीवर. मग उठून बसली आणि खोळीवर हात फिरवू लागली. डोळ्यांनी तिला कमी दिसत होतं, पण बोटं वेचणारणीची होती. दोन बोटांच्या चिमटीत तिने खोळीसकट काहीतरी पकडलं.

"हे तं सरकी हाय," ती म्हणाली. आणखी दाबून पाहिलं. "अन हे ढेकूय. पिंजाची होती का वं हे?"

आई सासूकडे वळली आणि जे झाकायला मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, ते तिने एका दमात सांगून टाकलं. "इहीनबाई, लयच वंगाळ गादी देल्ली वं म्या. आमच्यापैकी कोनाले मालूमच नोतं."

सासूने सूप खाली ठेवलं. आता ती काय बोलते म्हणून मी पदर आवळून उभी होते. गिट्टीवाली माझी सासू म्हणाली, "नाई वं माय, चांगली हाय. माह्या पोराले तं पडल्याबरोबर झोप लागते." इतकं बिनदिक्कत खोटं मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. तिला मी त्या एका वाक्यासाठी पुष्कळ काही माफ केलं आहे.

पण आई तिच्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

"तुले कधीपासून मालूम हाय?"

मी म्हटलं, दोन वर्षांपासून.

"अन मले काहून नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटलं असतं," मी म्हणाले.

"वाटलं असतं. दोन दिवस वाटलं असतं. मंग मी येऊन उसवली असती." ती म्हणाली. "परगती-बिरगती तो भाषनवाला म्हने. म्या गादी तुह्या झोपीसाठी भरली होती, पोरी. माह्या नावासाठी नाई."

मला रडू आलं आणि मी रडले. आईचा मान मी राखते आहे, असं मला दोन वर्षं वाटत होतं. खरं तर मी तिला हलकं समजले होते. खरं सांगितलं तर ती मोडेल, असं धरलं होतं. जिने एकटीने मला वाढवलं ती बाई एका गादीने मोडणार होती! स्वतःची मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आईने विळा मागितला आणि तिथल्या तिथे शिवण उसवली. दोन दिवस आम्ही तिघी अंगणात सरक्या काढत बसलो. आईला दिसत नव्हतं तरी तिचा ढीग आमच्यापेक्षा मोठा होता. आत तुडवल्याच्या जागी माझ्या टाचांचे दोन स्पष्ट खड्डे सापडले, ते सासूने शेजारणींना बोलावून दाखवले. खरं बोलायची तिची सवय तोवर परत आली होती. मग तोच पिंजारी आला. त्याने तार वाजवायला सुरुवात केली तसा कापूस फुगत गेला, अंगणभर झाला, सासूच्या केसांत बसला, आणि गादी भरूनही उरला. उरलेल्याची एक लहान गादी झाली. नवरा त्या रात्री असा झोपला की दुसऱ्या दिवशी कचेरीत उशिरा गेला आणि साहेबाला त्याने खरं कारण सांगितलं.

लहान गादी मी आईला दिली. ती घेईना. सवय नाही म्हणाली, लोक काय म्हणतील म्हणाली. मी गुंडाळून बसच्या टपावर चढवूनच दिली.

आठ दिवसांनी धनजहून कार्ड आलं. अक्षर शाळेतल्या मास्तरांचं, मजकूर आईचा. ख्यालीखुशाली नाही, आशीर्वाद नाही, सरळ मुद्दा: गादीत एक सरकी राहिली आहे, डाव्या खांद्याला टोचते, येऊन काढून देणे.

मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.