कामाला निघालेलं मांजर

सोमवारी सकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एका मांजराचा फोटो हमखास येतो. तोंड वाकडं केलेलं मांजर आणि खाली ओळ, ‘निघालो कामाला’. ते मांजर भवानी पेठेतलं आहे. माझ्या जाण्यायेण्याच्या गल्लीत एक बाई पायरीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात. मांजर त्यांच्या शेजारी असतं, तोंड तसंच.

एकदा थांबून मी म्हणालो, “मावशी, तुमचं मांजर लई फेमस झालंय.”

“व्हय,” विडीला दोरा गुंडाळत त्या म्हणाल्या. “फोटू माझा हुता.”

मला काही कळलं नाही.

“भाचीनं माझाच काढला हुता की. सूप घ्यायचं म्हणून ह्याला मांडीवरनं उचलत हुते. पुढं कुणीतरी मला कापून टाकलं.”

आवाजात तक्रार नव्हती. बोटंही थांबली नव्हती. पुढची विडी त्यांनी वळायला घेतली.

ऑफिसात जाऊन मी फोटो मोठा करून पाहिला. मांजराच्या पोटाखाली हिरव्या बांगड्यांचा एक हात होता, मनगटापाशी कापलेला. मांजर कुठंच निघालं नव्हतं. कामाला तो हात निघाला होता.