रूहीचा रोबोट

बालवाडीत सोळा वर्षं झाली. किस्से म्हणाल तर पोत्यानं आहेत, आणि बहुतेक माझ्याच फजितीचे. यंदाच्या रोबोट सप्ताहाचे ऐका, लाजच निघाली माझी.

* * *

पहिल्याच दिवशी, पोरांना रोबोट करायला म्हणून पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "उद्या एक रिकामं खोकं पाठवा." औरंगपुऱ्याहून एक आई रिक्षात फ्रिजचं खोकं घेऊन आली. खोकं आत, बाई अर्धी बाहेर. मी म्हणाले, "अहो, चपलांच्या खोक्याएवढं हवं होतं."

"मग तसं लिहायचं ना मॅडम. आम्हाला काय स्वप्न पडतंय?"

बरोबरच होतं तिचं.

* * *

खोकं वाया कशाला घालवा, म्हणून रोबोट पार्टीला मीच ते अंगात घातलं. वर चंदेरी कागद, बाटल्यांच्या टोपणांची बटणं. ऐटीत निघाले आणि वर्गाच्या दारात अडकले. पुढं जाईना, मागं जाईना. शेवटी शाळेतल्या शांतामावशींनी भाजीच्या सुरीनं खोकं कापून मला सोडवलं. एक पोरगं निरखून बघत म्हणालं, "टीचर, रोबोटला घाम येतो व्हय?"

* * *

त्याच पार्टीत खेळ होता, गाणं थांबलं की सगळ्या रोबोटांनी स्टॅच्यू व्हायचं. नेमक्या तेव्हाच मोठ्या मॅडम आल्या. एकही पोर हलेना. मॅडम खूश, "काय शिस्त आहे तुमच्या वर्गाला!" मी खुशाल थँक्यू म्हणून मोकळी झाले. खरं अजून सांगितलेलं नाही.

* * *

शेवटचा सांगताना मात्र जीभ जड होते.

शनिवारी पालकांसाठी रोबोटांचं प्रदर्शन होतं. रूहीचे पप्पा कंपनीत, शाळेत कधी आलेले नाहीत. तिचं आठवडाभर एकच, "पप्पा सुट्टी टाकून माझा रोबोट बघायला येणारेत." तिच्या रोबोटचा एक डोळा कानापाशी, एक हात आखूड आणि दुसरा पार पायापर्यंत.

लोक काय म्हणतील, या भीतीनं शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सगळ्यांचे रोबोट 'नीट' करत बसले. रूहीच्या रोबोटचे डोळे सरळ केले. लांब हात कापून दुसऱ्याएवढा केला.

शनिवारी पप्पांनी नावाची चिठ्ठी वाचून दाखवली, "हा बघ तुझा."

रूहीनं मान हलवली. "माझा नाय."

"अगं, तुझाच आहे. टीचरनं थोडा नीट केलाय," मी म्हणाले. म्हणता म्हणताच लाजेनं कान तापले माझे.

कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीतून तिनं तो कापलेला हात शोधून काढला, फ्रॉकला पुसला आणि पप्पांपुढं धरला. "पप्पा, हा माझा रोबोट."

पप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग तिच्यापुढं उकिडवे बसले.

"लई भारी झालाय, बाळा."