वायरीवरचा कापूस

मंगळवार पेठेत आमच्या शेजारी गुळाचे एक व्यापारी राहायचे. त्यांनी स्वतःच्या हातानं शेजारी शेजारी जोडलेल्या दोन धडांची, शिडाची नाव बांधली होती. जीपमागं ट्रेलर जोडून ती ते रंकाळ्यावर न्यायचे. वाटेत थांबून ट्रेलरच्या चाकांना उपडा हात लावायचे, तापलीत का म्हणून. काठावर पोचल्यावर कलिंगड पारखावं तशी दोन्ही धडं बोटानं वाजवून ऐकायचे. मी बघत उभा राहायचो, देवळात उभा राहतो तसा.

एका दसऱ्याला काठावरच्या नावेवर झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, आणि फेटा बांधलेले त्यांचे वडील आत जाऊन बसलेसुद्धा. यांनी मात्र डोलकाठीला ताणून धरणाऱ्या वायरीवरची माळ सोडली आणि वायरीवरून कापसाचा बोळा फिरवत आणला. एका जागी कापसाचा तंतू अडकला. मी डोळे ताणले, तरी मला तिथं काही दिसलं नाही.

"आबा, उतरा," ते म्हणाले. "वायर तुटाय लागलीया, बारीक तार वर आलीया."

"दसऱ्याला निघालेली नाव माघारी न्यायची व्हय? मुहूर्त हाय आज."

"मुहूर्त वायरीला कळत न्हाय, आबा."

त्यांनी हात पुढं केला. आबा तणतणत उतरले. माणसं पांगली. नाव आता पाण्यात जाणार नव्हती, म्हणून मीही घराकडं निघालो. मागं वळून बघितलं, तर ते दुसऱ्या बाजूच्या वायरीपाशी उभे होते आणि त्यांच्या हातात कापसाचा नवा बोळा होता.