पाण्याची वेळ सांगणारे चाचा

‘सायेब, बघितलं. पण पाणी कवा?’

आमच्या नगरपंचायतीच्या फेसबुक पेजवर मी काहीही टाकलं, की पाच मिनिटांत खाली हे यायचं. लिहिणारे चाचा ऑफिससमोरच गाद्या शिवायचे. फोन हातभर लांब धरून, दाढीतला कापूस झाडत, एका बोटानं टाइप करताना खिडकीतून दिसायचे.

पेज माझ्याकडे का? तर मला फोटोला फुलांची चौकट लावता येते. तेवढीच माझी पात्रता. मी मूळचा सांगलीचा, साधा लिपिक. पण पेज हातात आलं आणि मी हवेतच गेलो राव! सणाच्या शुभेच्छा, अध्यक्षांचा वाढदिवस, मुख्याधिकारी झाड लावताना, मुख्याधिकारी त्याच झाडाला पाणी घालताना. तुमच्याही गावाचं असं पेज असेल, बघा एकदा. चाचांना माझं ठरलेलं उत्तर: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ नोंद कुठं घेतली, देवालाच ठाऊक.

एकदा ते ऑफिसातच आले. ‘सायेब, मंडळीचं गुडघं गेल्यात. पाणी कवा येतंय कळत न्हाई, म्हणून दिवसभर नळापाशी बसून ऱ्हाती. टायम तेवढा टाका की वो, घटकाभर पडंल तरी. झाड आमी बघितलं.’

मी हसून म्हटलं, ‘चाचा, वेळ पाणीपुरवठा विभागाची. माझं काम फक्त पेज.’ पाणीपुरवठा विभाग माझ्या पाठीमागच्याच टेबलावर बसतो, हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चाचा सकाळी चहाच्या गाड्यावर व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला गाठायला लागले. मग माझ्या शुभेच्छांखाली त्यांचं सुरू: ‘वरची आळी साडेधा. खालची आळी दुपारी दोन. मोटार जळली तर माफी.’

गाव पेजवर तुटून पडलं. साताऱ्याला जिल्ह्याच्या बैठकीत ‘नागरिकांचा उत्तम ऑनलाइन सहभाग’ म्हणून माझा सत्कार झाला. नारळ, शाल, टाळ्या. चाचांचं नाव घेतलं का मी? छे! शाल मात्र नीट घडी घालून घरी नेली. आता लाज वाटते.

सत्काराचा फोटो मी पेजवर टाकला. त्याखाली चाचांनी लिहिलं, ‘लय भारी, सायेब. खालची आळी अकरा.’

गेल्या थंडीत चाचा गेले, दुकानातच, शिवता शिवता. दोन दिवस लोक पेजवर विचारत राहिले, ‘चाचा, पाणी कवा?’ तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा खुर्ची मागं वळवली, वेळ विचारली आणि टाकली. पण नळापाशी बसणाऱ्या चाचींकडे फोन नाही, हे माझ्या डोक्यात यायला उन्हाळा उजाडला.

घर शोधत गेलो. चाची दारातल्या नळापाशी बसून होत्या, कळशी रिकामी.

‘चाची, आज पाणी साडेबाराला. आत जाऊन पडा जरा.’

‘तुमी कोण?’

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. ‘तुमीच व्हय ते सायेब? आवं, त्ये रोज म्हणायचे, हापिसातलं सायेब लय चांगलं हायेत, तुझ्यासाठनं रोज टायम इचारून देत्यात. रोज नमाजात दुवा मागती मी तुमच्यासाठी.’

माझे डोळे भरले. ‘चाची, मी न्हाई वो...’ एवढंच तोंडातून निघालं. तोवर त्या माझ्यासाठी चहा टाकायला, भिंत धरून, आत निघाल्या होत्या.